भट्टीतली झोळी

चांगुणाच्या खव्याची पाटी आली की बार्शीचा हलवाई बाकीच्या पाट्या बाजूला सारून तिचीच गाठ आधी सोडायचा. हे सगळ्या हिवरवाडीला ठाऊक होतं आणि थोडं झोंबतही होतं. भूम तालुक्यातली ही वाडी म्हणजे खडक, कुसळी गवत आणि म्हशी. बहात्तरच्या दुष्काळानं लोकांना एक गोष्ट पक्की शिकवली होती, की ज्वारी रुसली तरी म्हैस रुसत नाही, चार काड्या चघळून का होईना चरवीत धार सोडते. पण दूध काही वाट बघत थांबत नाही, नासतं. म्हणून ते आटवायचं, खवा करायचा, पळसाच्या पानांत बांधायचा आणि पाटी एसटीच्या टपावर टाकायची. खवा घरोघरी होई. चांगुणासारखा मात्र कुणाचा होत नसे.

"काय घालतावं खव्यात?" असं लोक तिच्या नवऱ्याला, बब्रुवानला विचारीत. तो मिशीवरून हात फिरवून म्हणे, "काय न्हाय, बायकूला बसवतो." बढाई होती, पण खोटं काही नव्हतं.

तिला बसवायची ती जागा म्हणजे घरामागची पत्र्याची बुटकी खोली, खव्याची भट्टी. मध्ये मातीचं चुलाण, त्यावर मोठी कढई, खाली तुराट्या आणि बाभळीचा जाळ. समोर पाटावर चांगुणा, हातात लांब दांड्याचं उलथनं. दूध तळाला लागू द्यायचं नाही, हात थांबवायचा नाही. खोलीला खिडकी नव्हती. एक झरोका होता, तो चांगुणानंच लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी शेणमातीनं लिंपून टाकला. वारा आला की राख उडते, राख कढईत पडली की खव्याला काळे ठिपके येतात. जाळ एका अंगाला झुकला तर दूध करपतं ते वेगळंच. शिवाय उकळत्या दुधाला नजर लागते, ही वाडीतली जुनी समजूत, म्हणून दाराला गोणपाटाचा पडदा. तेव्हा सासू नागूबाईनं सुनेची पाठ थोपटली होती, "शानी हाय माझी सून." त्या शाबासकीवर चांगुणानं चोवीस वर्षं त्या धुरात काढली. पहाटे बसायची ती दिवस कासराभर वर येईपर्यंत, आणि सांजच्याला पुन्हा.

खोकला लागला त्याला दोन हिवाळे झाले होते. आधी नुसता घसा खवखवायचा. मग विहिरीवरून घागर आणताना मधल्या लिंबाखाली टेकावं लागायला लागलं. मग छातीत शीळ वाजायला लागली, बारीक, जशी बंद दाराच्या फटीतून वारा घुसावा तशी. चांगुणानं काय ते ओळखलं. तिच्या माहेरी, जळकोटला, चुलतीला टीबी झाला होता. तिचंही असंच झालं होतं, खोकला, दम, अंगावरचं मांस उतरलेलं. चुलतीला गोठ्याशेजारी खोप घालून दिली होती. भाकरी लांबून सरकवायचे. पोटच्या पोरांनाही जवळ जाऊ दिलं नाही, आणि ती पोरांची नावं घेत घेत गेली. चांगुणा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि भाकरी सरकवायचं काम तिच्याकडं होतं.

म्हणून तिनं तोंड मिटलं. टीबीच्या बाईनं आटवलेला खवा कोण घेईल? घर ह्याच कढईवर चाललं होतं. तिनं आपला पितळी पेला हळूच वेगळा केला, ताट स्वतःच घासायला लागली, खोकला आला की कढईकडं पाठ करून पदरात दाबायला लागली. बब्रुवानच्या काही लक्षात आलं नाही. पुरुषांच्या लक्षात यायला म्हशीनं दूध कमी द्यावं लागतं.

आणि अशात नात आली.

चांगुणाचा एकुलता मुलगा ज्ञानोबा साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होता, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. त्याची बायको अयोध्या बाळंतपणाला कळंबला माहेरी गेली होती, ती तीन महिन्यांची पोर घेऊन परतली. पोरीचं नाव कांचन. उंबऱ्यावर सुनेला थांबवून चांगुणानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आता आजीनं पुढं होऊन नात उचलून घ्यायची, तर चांगुणा दोन पावलं मागं सरली. कळंबहून पोचवायला आलेल्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. अयोध्या खाली मान घालून आत गेली.

त्यानंतर महिने गेले. कांचन हसायला लागली, कुशीवर वळायला लागली, पण आजीनं तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. अयोध्या सातवी शिकलेली, सोशिक मुलगी. तिनं मनाशी एकच अर्थ लावला, की पोरगा व्हायचा होता आणि पोरगी झाली. दुसरा अर्थ तिला तरी कुठून सुचावा?

एकदा दुपारी ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. परत आली तर घरात पाळणा हलत होता आणि पाळण्यापाशी कुणीच नव्हतं. दोरीला दुसरी दोरी जोडलेली. ती दोरी थेट मागच्या दारापर्यंत गेली होती, आणि दाराच्या चौकटीला टेकून, नाकातोंडावर पदर गच्च बांधून चांगुणा ती लांबूनच ओढत बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

अयोध्यानं धुण्याची बादली तिथंच ठेवली. "आत्या, पोरीचा येवढाच राग आसंल तर सरळ सांगा. म्या जाते कळंबला."

"राग?" चांगुणाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "आगं माझी बाय, राग कशाचा करू? मला टीबी हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? काकूचं बी आसंच झालं हुतं."

"डागदराला दावलं का?"

"दावलं आन् त्यो व्हय म्हणला, तर?"

 अयोध्या सासूजवळ गेली, चांगुणा 'लांब हो, लांब हो' म्हणत असतानाच तिच्या शेजारी फतकल मारून बसली आणि तिच्याबरोबर रडली. मग डोळे पुसून उठली आणि सरळ गोठ्यात जाऊन सासऱ्याला सगळं सांगितलं. बब्रुवान भडकला. "दोन वर्सं? घरच्या धन्याला दोन वर्सं पत्त्या न्हाय?" ओरडता ओरडता त्याचा आवाजच फाटला आणि तो म्हशीच्या आड तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तिला एसटीनं उस्मानाबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. छातीचा फोटो काढला, तीन दिवस बेडका तपासला. चौथ्या दिवशी डॉक्टरनं दोघांना समोर बसवलं. पोरसवदा डॉक्टर, बाहेर रांग लागलेली.

"टीबी नाहीये," तो म्हणाला.

बब्रुवाननं तिथंच हात जोडले. डॉक्टर पुढं बोलत होता. "पण फुप्फुसं फार खराब झालीत. धुरानं. किती वेळ बसता भट्टीवर? तो धूर बंद करा. औषध देतो मी, पण धूर सुरूच राहिला तर औषधाचा काही उपयोग नाही. कळलं ना?"

"व्हय सायेब, व्हय," दोघंही म्हणाली. आणि स्टँडवर पोचेपर्यंत त्या सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द त्यांच्यापाशी उरले, टीबी न्हाय. चोवीस वर्षांच्या धुराचं काय एवढं? धूर तर घरोघरी होता. धुरानं कुणी मेलं असं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन चांगुणानं स्वतःच्या हातानं पेढे वळले आणि वाडीभर वाटले. लोक विचारीत, कशाचे? तर ती म्हणे, "टीबी न्हाय म्हणून!" न झालेल्या दुखण्याचे पेढे हिवरवाडीनं पहिल्यांदाच खाल्ले. आणि पेल्याताटाची वाटणी मोडून, हातपाय धुऊन, ती पाळण्यापाशी गेली, कांचनला उचललं आणि छातीशी धरलं. पोर घाबरली नाही. तिनं आजीची नथ मुठीत पकडली आणि ओढली. चांगुणाला नाक तुटलं तरी चाललं असतं.

इतक्या महिन्यांची भूक होती ती, एका दिवसात भागणार थोडीच? पोर तिला डोळ्यांआड करवेना. आणि दिवाळी तोंडावर आलेली, हलवायाची मागणी दुप्पट, दोन्ही वेळा कढई चढलेली. मग पोरीला घ्यायचं कधी? चांगुणानं उपाय काढला. भट्टीच्या खोलीत आढ्याला लुगड्याची झोळी बांधली, चुलाणापासून चार हात लांब. थंडी पडायला लागली होती, आत कशी छान ऊब होती. एका हातानं उलथनं फिरवायचं, दुसऱ्या हातानं झोळीची दोरी ओढायची.

अयोध्या दारात घुटमळली. "आत्या, हितं धूर हाय लई."

"आगं, बारा दिसाच्या लेकराला आपण धुरी देतो का न्हाय? ओवा, शेपा, वावडिंग टाकून शेगडीवर धरतो. धुरानं सर्दी पळती, पोर टणक हुती. तुझा नवरा ह्याच खोलीत लहानाचा मोठा झाला. बघ की, कसा हाय बॉयलरवानी!"

सुनेला हसू आलं. डॉक्टरचं बोलणं चांगुणाला आठवत नव्हतं असं नाही, पण ते तिच्या छातीबद्दल होतं. धूर पोरीला काही करेल असं तो कुठं म्हणाला होता? खरं सांगायचं तर त्या दिवसांत चांगुणा इतकी सुखात होती, की तिला कुणी ते समजावूनही सांगितलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणी पडलं असतं. ती नातीला गाणी म्हणून दाखवी, खोके, पुन्हा म्हणे. खव्याचा मुटका बांधून झाला की आधी तिच्या नाकासमोर धरी, "वास घे ग माझी हलवायीन!" पोरगी खदखदून हसे, आणि शिंकेही. वीस-बावीस दिवस असे गेले. चांगुणाच्या आयुष्यातले ते सगळ्यात गोड दिवस, आणि पुढं जन्मभर तिला त्यांचीच आठवण नकोशी व्हायची होती.

दिवाळी संपली आणि कांचनला खोकला लागला. दोन दिवसांनी अंग तापलं. तिसऱ्या दिवशी पहाटे अयोध्यानं सासूला हाक मारली तेव्हा पोर अंगावर पीत नव्हती. श्वासागणिक पोट बरगड्यांखाली खोल जात होतं, नाकपुड्या फुलत होत्या आणि छाती वाजत होती. तीच शीळ. चांगुणानं ती दोन वर्षं स्वतःच्या अंगात ऐकली होती, ओळखायला वेळ लागला नाही.

"डबा झालाय," शेजारची कडूबाई आत डोकावून म्हणाली. लेकराला धाप लागली की वाडीत त्याला डबा म्हणत. "बिब्ब्याचा डाग द्या पोटावर. आमच्या बब्याला दिल्ता."

"माझ्या पोरीला कुणी डाग देयाचा न्हाय," अयोध्या म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

बार्शीला जाणारी पहिली एसटी दहाला. पण रोजगार हमीवर वाडीपर्यंत सडक झाल्यापासून सहकारी दूध संघाचा टेम्पो रोज सकाळी मारुतीच्या पारापाशी येई. तिथं दूध सोसायटीचे सचिव आण्णासाहेब काटा आणि रजिस्टर मांडून बसलेले असत. सोसायटी काढल्यापासून ते चांगुणाच्या दारात तीनदा येऊन गेले होते, दूध डेअरीला घाला म्हणून. चांगुणानं त्यांना हसून वाटेला लावलं होतं, "आमचं दूध तुमच्या पांढऱ्या पान्यात मिसळू व्हय?" आज ती अनवाणी पळत आली, दम लागून पारापाशी खालीच बसली. मागून पोर घेऊन अयोध्या आली. आण्णासाहेबांनी पोरीकडं एकदा बघितलं, भरायचे राहिलेले कॅन तसेच खाली ठेवायला लावले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बार्शी. मदी कुठं थांबायचं न्हाय."

बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या. त्यांनी पोरीला नळी लावली, सुई दिली. मग तिच्याभोवतीची गोधडी काढून बाजूला टाकता टाकता त्यांचा हात थांबला. त्यांनी गोधडी नाकाशी नेली.

"ही कुठं असते? बाळ कुठं झोपतं?"

चांगुणानं सगळं सांगितलं. भट्टी, झोळी, ऊब. आपल्या दुखण्याचंही सांगितलं, टीबी समजून पोरीला कसं इतके महिने शिवले नाही, मग टीबी नाही निघाला म्हणून कसं जवळ घेतलं. बाई रागावतील असं अयोध्याला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आपला तळहात कांचनच्या छातीवर ठेवला. छाती तळहाताखाली पूर्ण झाकली गेली.

"बघा, केवढी आहे," त्या म्हणाल्या. "तुमची छाती मोठी, म्हणून तिला बिघडायला वीस-बावीस वर्षं लागली. हिला वीस दिवस पुरले. लाकडाचा धूर छातीला आतून घासतो, आजी. मोठ्यांना घासतो तसाच लहानांना. धुरी दिली म्हणजे पोर टणक होत नाही, उलट कमजोर होतं."

 चांगुणा तिथून उठून व्हरांड्यात जाऊन बसली. अयोध्यानं दोनदा बोलावलं तरी आत आली नाही. ज्या खोकल्यापासून पोरीला वाचवायला ती दोरीला दोरी जोडून दारात बसली, त्या खोकल्यात काही नव्हतं. आणि जिथं काही होतं, तिथं तिनं आपल्या हातानं झोळी बांधली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिला रडायचं होतं, पण रडायला लागली की दम लागायचा, म्हणून तेही नीट करता येईना.

तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. सहाव्या दिवशी अंगावर प्यायली. नवव्या दिवशी त्या घरी आल्या. ह्या नऊ दिवसांत बब्रुवाननं स्वतः खवा आटवला होता आणि हलवायानं पाटी जशीच्या तशी परत पाठवली होती. बरोबर निरोप, 'हे काय आहे?' बब्रुवाननं तो खवा म्हशींना चारला. तो म्हणे की म्हशींनाही आवडला नाही.

मग घरानं एक तोडगा काढला. पोर पुढच्या घरात, चूल परसात उघड्यावर, आणि भट्टी मात्र चालू. भट्टीवर चांगुणा एकटी बसणार. "माझं काय, माझं झालं," ती म्हणाली, आणि बब्रुवाननं मान खाली घातली. तिनं पहिल्याच दिवशी झोळी सोडून जाळात टाकली.

पण एकटं बसलं की माणसाला नको ते आठवतं. तिला सासू आठवायला लागली. नागूबाई शेवटची दोन वर्षं आडवी झोपू शकत नव्हती. ज्वारीच्या पोत्याला टेकून बसून असायची, तोंड उघडं टाकून. लोक म्हणायचे, म्हातारपण आहे, दमा आहे. चांगुणानं बोटं मोजली. सासू गेली तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. कसलं म्हातारपण? आणि ज्या दिवशी नागूबाईला उलथनं उचलवेना, त्या दिवशी तिनं ते सुनेच्या हातात ठेवलं होतं, घराण्याचा दागिना द्यावा तसं, आणि सुनेनंही मान वाकवून घेतलं होतं. वाडीतल्या एकेक भट्टीवर बसणाऱ्या बायका तिला आठवत गेल्या. सगळ्या दम्यानं गेलेल्या. आणि सगळ्यांच्या जागी त्यांच्या सुना बसलेल्या.

एका सकाळी ती हातपंपावर पाण्याला गेली होती. तीन ठिकाणी टेकत टेकत परत आली, तर भट्टीच्या पत्र्यातून धूर निघत होता आणि गोणपाटाआडून खोकला ऐकू आला. तिनं पडदा सारला. पाटावर अयोध्या बसली होती. कढईकडून मान वळवून, पदर तोंडाशी दाबून खोकत होती, अगदी सासूसारखीच. खोकला थांबल्यावर तिनं लाल डोळ्यांनी वर बघितलं आणि हसली.

"तुमी भाईर बसा आत्या. आजपासनं म्या बसते. तुमचं बघून बघून शिकले. पोरगी मामांजीपाशी हाय, काळजी करू नगा."

चांगुणानं कढईत बघितलं. खवा जमत आला होता. कण धरला होता, कड सोडली होती, रंग असा की बार्शीचा हलवाई दोन क्षण नुसता बघत राहिला असता. सुनेच्या हातात तिचा हात उतरला होता. चांगुणाच्या काळजात आनंद आणि भीती एकदमच उठली, आणि त्यातली भीती मोठी होती.

तिनं कडेवरची घागर उचलली आणि चुलाणात ओतली.

फस्सकन राख उसळली, खोली वाफेनं आणि राखेनं भरली, खव्यावर काळा थर बसला. जित्या चुलीवर पाणी ओतायचं नसतं, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. असं करणं म्हणजे घराला अवदसा आणणं. अयोध्या ओरडून बाहेर पळाली. आवाज ऐकून बब्रुवान धावत आला, काखेत कांचन.

"येड लागलं का तुला? जळत्या चुलीवर पानी?"

चांगुणा भिंतीला धरून बाहेर आली. तिला खोकला आवरेना. तो थांबेपर्यंत दोघंही उभी राहिली.

"तुमच्या आईनं मला उलथनं दिलं," ती शेवटी म्हणाली. "म्या घेतलं. आता हिला देऊ? आन् ही म्होरं कुणाला दील?"

बब्रुवाननं काखेतल्या पोरीकडं बघितलं.  मग तो एवढंच म्हणाला, "हलवायाला काय सांगू?"

"सांगा, बाई मेली."

"आसं वंगाळ बोलू नगंस," तो म्हणाला, आणि कढई उतरवायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दूध डेअरीला गेलं. आण्णासाहेबांनी पांढऱ्या पाण्याची आठवण काढली नाही, नुसतं फॅट बघितलं आणि भुवया वर केल्या. हलवायानं दोनदा माणूस पाठवला, मग पाठवला नाही. वाडीत आठ दिवस बोलणी झाली. कुणी म्हणालं, सून वरचढ झाली. कुणी म्हणालं, चांगुणाला मस्ती आली. कडूबाईची भट्टी तशीच धुमसत होती, तिची सूनही तशीच बसत होती. चांगुणा तिच्याकडं जाऊन दोनदा बोलून आली, पण तिसऱ्यांदा कडूबाईनं दार लोटून घेतलं. भट्टीच्या खोलीत बब्रुवाननं कडबा रचला.

चांगुणा बरी झाली नाही. डॉक्टरनं तसं कबूलही केलं नव्हतं. गोळ्यांनी दम थोडा खाली बसला इतकंच. तिचा हात मात्र रिकामा राहवत नसे. ती बसल्या जागी मांडीवर गोल गोल बोट फिरवीत राही, आणि बघणाऱ्याला आपोआप कळे की ही कढई हलवतेय.

माघात एका दुपारी ती अंगणात उन्हाला बसली होती. अयोध्यानं झोपलेली कांचन आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि ती शेजारीच ज्वारी निवडायला बसली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली तर सासू वाकून पोरीच्या छातीला कान लावून बसली होती.

"आत्या, काय ऐकायलाव?"

चांगुणानं हात वर करून तिला गप्प केलं. तिची स्वतःची छाती इतकी वाजत होती, की त्या आवाजात पोरीचं काही ऐकूच येत नसे. ऐकायचं तर आपला श्वास धरून ठेवावा लागे, आणि तो तिला तिनाच्या पुढं मोजेपर्यंत धरवत नसे. तिनं श्वास धरला. एक, दोन, तीन. मग सोडला, तोंड फिरवून खोकली आणि धापा टाकत बसली. तिच्या तोंडावर हसू पसरलं होतं.

"काय वाजत न्हाय," ती म्हणाली. "आत काय बी वाजत न्हाय बघ."

आणि दम जरा बसल्यावर तिनं पुन्हा श्वास धरला आणि कान लावला.